दरीतला उपोसथ

वाळवंटातल्या दरीत उतरण्याआधी पार्किंग लॉटमध्ये दोन तास भाषणं ऐकणारा समाज जगाच्या पाठीवर एकच असेल, आणि मी त्याच्या कार्यकारिणीत आहे. हे मी अभिमानानं सांगत नाही आणि थट्टेनंही नाही. त्या दिवशी माझ्या आईचं जे झालं ते तिथूनच सुरू झालं, म्हणून तिथूनच सांगते.

कॅल्गरीच्या आमच्या बौद्ध असोसिएशनची आषाढ पौर्णिमेची सहल होती. अल्बर्टात वर्षावासाचा, म्हणजे भिक्खूंच्या पावसाळी मुक्कामाचा, आरंभ साजरा करायचा हा आधीच एक विनोद आहे. वर्षा नाही, चिखल नाही, आणि जुलैचं ऊन असं की गाडीचं स्टिअरिंग हाताला पोळतं. शहराबाहेर पडलं की तासन्‌तास सपाट शेतं, मोहरीसारखा पिवळाधमक कॅनोला, आणि मग एका वळणावर समोरची जमीन अचानक खाली जाते. बॅडलँड्स म्हणतात त्याला. राखाडी, तपकिरी, मध्येच गंजासारख्या लाल पट्ट्यांच्या टेकड्या, कोरड्या घळी, आणि डोक्यावर दगडी टोपी घातलेले मातीचे खांब. पोस्टकार्डावर फार छान दिसतं. पोस्टकार्डाला ऊन लागत नाही.

सहल तिथेच न्यायची हा माझा हट्ट होता. आमची विद्यार्थी मुलं इथे येऊन वर्षं काढतात ती वेअरहाऊस, बेसमेंट आणि बसस्टॉप बघत. कॉलेजच्या ब्रोशरवर मात्र डोंगर, दरी, तलाव आणि दात दाखवणारी पोरं. गाडी नसलेल्याला या देशात निसर्ग नाही, हे मी पत्रकात लिहिलं होतं, मोठ्या टायपात. तेव्हा एकदा तरी सगळ्यांना गाड्यांत कोंबून त्या ब्रोशरमध्ये नेऊ, असं मी मीटिंगमध्ये टेबल बडवून सांगितलं आणि ठराव पास झाला.

आई तेव्हा व्हिजिटर व्हिसावर आली होती. पहिल्यांदाच. वणीकडच्या एका गावात अंगणवाडी सेविका म्हणून तिचं आयुष्य गेलं, म्हणजे दुसऱ्यांची पोरं वेळेवर जेवतात की नाही ते बघण्यात. तिला शुगर आहे, सकाळी गोळी घ्यावी लागते, आणि गोळीवर जेवण हुकलं की शुगर एकदम उतरते. आणि वर्षावासात दर पौर्णिमेला ती उपोसथ धरते, म्हणजे अष्टशील, आठ नियम, घेते. त्यातलं सहावं शील असं, की दुपारी बारानंतर दुसरा दिवस उजाडेपर्यंत काही खायचं नाही. पाणी चालतं, गाळलेला रस चालतो, चावायचं काही चालत नाही. गावी हे सोपं असतं. विहारात बायका अकरालाच पंगत बसवतात आणि मग आरामात वंदना, प्रवचन.

आमचाही बेत तोच होता. दहाला कार्यक्रम, अकराला जेवण, मग ज्याला झेपेल त्यानं ट्रेलवर जावं. आईनं पहाटे उठून खीर केली होती, सगळ्यांसाठी एक पातेलं आणि स्वतःसाठी छोटा डबा. गोळी घेतली, चहाबरोबर मूठभर पोहे खाल्ले, आणि गाडीत बसली.

कार्यक्रम सुरू झाला तोच उशिरा, कारण बॅनर बांधायला झाड सापडेना. शेवटी दोन मिनीव्हॅनच्या आरशांना बांधला. मग त्रिशरण, पंचशील, स्वागत, ग्रोसरी स्टोअरमधून आणलेले गुलदस्ते, प्रास्ताविक. नॉर्थ यॉर्कहून आलेले पाहुणे बोलले, मग त्यांच्या मिसेसनी दोन शब्द म्हणून वीस मिनिटं घेतली. मुलं ज्यूसचे खोके संपवून व्हॅनच्या सावलीत झोपली. मग आभारप्रदर्शन. त्यात चटया आणणाऱ्याचे, चिप्स आणणाऱ्याचे आणि ऐनवेळी येऊ न शकलेल्यांचेही आभार.

आई पहिल्या रांगेत फोल्डिंग खुर्चीवर, मांडीवर डबा घेऊन बसली होती. मी लांबून दोनदा खूण केली, खाऊन घे. तिनं डोळे वटारले. नंतर विचारलं तर म्हणाली, "पाहुणा बोलून राहिला आन्‌ आपण समोर बसून तोंड हालवायचं?"

जेवणाच्या पंगतीत ती नुसती वाढत होती. मी जवळ जाऊन विचारलं, तू कधी बसणार?

"वेळ गेली माझी."

"म्हणजे?"

तिनं मनगट पुढं केलं. घड्याळात बारा केव्हाच वाजून गेले होते.

"आई, सीरियसली? तू गोळी घेतलीयेस."

"सकाळी खाल्लं ना."

"ते पोहे? मांजर जास्त खाते."

आमचे अध्यक्ष काका पातेल्यातली खीर वाटीत घेत होते. माणूस चांगला, सरकारी खात्यात इंजिनीअर, पण कुठे काय बोलू नये हे त्यांना कधीच कळलेलं नाही. म्हणाले, "अगं, ताईंना आग्रह करू नकोस. तुझ्या पीआरसाठी धरलाय त्यांनी उपोसथ. तुझे पेपर येईपर्यंत दर पौर्णिमेला, एकही न मोडता. कालच फोनवर सांगत होत्या."

आई खाली बघायला लागली. 

माझी पीआरची, म्हणजे इथे कायम राहण्याच्या परवान्याची, फाईल दीड वर्ष 'प्रोसेसमध्ये' होती. वर्क परमिटची मुदत हिवाळ्याआधी संपत होती. नियम मध्ये बदलले, मग बदललेले बदलले. मी इतरांच्या अशाच फायलींसाठी पत्रकं लिहायची, खासदाराच्या ऑफिससमोर मेगाफोन घेऊन उभी राहायची, आणि घरी येऊन स्वतःच्या फाईलचं पान रिफ्रेश करायची. ते पान कधी बदललं नाही. आणि आता माझी आई, जिनं मला वाचायला येण्याआधी बावीस प्रतिज्ञा पाठ करून घेतल्या, ती माझ्या पेपरांसाठी नवस करत होती. मला दुसरा शब्द सापडत नव्हता.

मी तिला सांगितलं, गाडीत एसी लावून बस. तिनं सांगितलं, "इतकी दूर आली, आता वरूनच खड्डा पाहून जाऊ?" सगळ्यात छोटा लूप निवडला. बाकीची मंडळी पुढे गेली. काका म्हणाले, मी मागे राहतो, आणि शंभर पावलांत पोरांबरोबर पुढे निघून गेले.

ट्रेलच्या तोंडाशी पाटी होती. पाणी ठेवा, टोपी घाला, रॅटलस्नेकपासून लांब राहा, दगड उचलू नका. शेजारी मोठी पाटी, दरी 'शोधून काढणाऱ्या' एका गोऱ्या सर्व्हेयरची. खाली बारीक अक्षरांत एक ओळ, की इथे त्याआधीही लोक राहत होते. एरवी मी त्या पाटीचा फोटो काढून चार परिच्छेद लिहिले असते. त्या दिवशी नुसती पुढे गेले.

आई मात्र खुशीत होती. खरंच. पदर डोक्यावरून घेतलेला, पायात मी घेऊन दिलेले शूज, आणि दर वळणावर थांबणं. खाली उतरताना मातीचा पोत बदलत जातो. वरून ती भाजक्या लाह्यांसारखी फुगलेली दिसते आणि पाय ठेवला की चुरचुरते. मध्येच काळी आडवी रेघ आली, कोळशाची. आईनं बोट लावून बघितलं.

"हे तं आपल्या खाणीसारखंच हाय."

"हो, पण इथे खणत नाहीत. पार्क आहे."

"तिकडं खणून सोडलेल्या खड्ड्यात कोणी पाहाले येत नाही," ती म्हणाली. "इथी नाही खणलं तं टिकीट."

हे मी पत्रकात घालायला हवं होतं. पण माझं डोकं नवसावर अडकलेलं.

"तू मला खरं सांग," मी म्हणाले. "हे काय आहे? आपण नवस करत नाही. तूच शिकवलंस."

"नवस कायले असन? कोणाले काही मागितलं का मी? नारळ फोडला?"

"पेपर येईपर्यंत करीन, असं म्हणणं म्हणजे नवसच."

"शील हाय ते. मी पाळते. तुले काय तरास?"

"मला त्रास नाही? तू उपाशी, गोळी घेतलेली, वाळवंटात!"

"वाळवंट कुठी? झाडं हायेत ना थोडीशी."

थोडीशी म्हणजे खाली कोरड्या नाल्याच्या काठाला चारदोन कॉटनवुड. तिथपर्यंत जायला अजून एक टेकडी वळसा घालून जायचं होतं. ऊन डोक्यावर. कुठे सावली नाही, वारा नाही, नुसता सेजच्या झुडपांचा कडवट वास आणि कुठल्यातरी पक्ष्याची टिकटिक. तिची चाल हळू झाली. मी विचारलं, ती म्हणाली काही नाही. पुन्हा विचारलं, ती म्हणाली, सारखं काय विचारतं वं.

एका मातीच्या खांबाखाली बसायला जागा होती. बसवलं. तिची सावली तिच्याच शूजपाशी गोळा झाली होती. आणि तेव्हा मला युक्तिवाद सुचला. चांगला युक्तिवाद सुचला की मला कसा आनंद होतो हे सांगायची सोय नाही.

"आई, बघ. सावली बघ. आत्ता बारा वाजतायत. इथे उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करतात, सरकारी हुकूम म्हणून. भिक्खू सूर्य बघून मध्यान्ह ठरवायचे, घड्याळ बघून नाही. म्हणजे अजून तुझी वेळ गेलेलीच नाही. खा."

मी बॅगमधून तिचा डबा काढला. ती सावलीकडे बघत राहिली. मला वाटलं, पटलं.

"सकाळी शील घेतलं ते घड्याळ पाहून घेतलं," ती म्हणाली. "सूर्याले विचारून नाही."

"पण घड्याळ खोटं आहे!"

"असन. अंगणवाडीत पाच मिनिटं उशीर झाला तं सुपरवायझरनं कधी म्हटलं नाही, घड्याळ खोटं हाय म्हणून. आता माझ्या सोयीनं मी खोटं म्हणू?"

"हा एनर्जी बार पाण्यात विरघळवून देते. रस म्हणून पी."

"हाव. अन्‌ पोळी चहात विरघळवून पितो आपण."

ती हसली. मी नाही हसले. मी काहीबाही बोलत होते, आवाज चढला होता, समोर कोणी नसलेल्या सभेत बोलावं तशी. मी म्हणाले, तुझ्या उपाशी राहण्यानं ओटावातल्या एका तरी माणसाचं काही हलणार आहे का?

तिनं माझ्याकडे बघितलं. कपाळावर घाम होता, ओठ पांढरट.

"आन्‌ तुझ्या पत्रकानं हाललं का?" ती म्हणाली. रागानं नाही. "तू पत्रकं वाटते. मी शील पाळते. दोघींचंही काही होऊन नाही राहिलं. पण बसून तं नाही ना राहवत."

मी पाण्याची बाटली उघडून तिच्यापुढे धरली. तिनं ती घेतली नाही.

मग ती म्हणाली, "पोरं जेवली का?"

"कोण पोरं?"

"खिचडी झाली का? घंटा दे."

मी तिचा हात धरला. हात थंडगार होता, त्या उन्हात. ती मला ओळखत नव्हती असं नाही, पण मला अंगणवाडीतली मदतनीस बाई समजत होती. "तू कायले उभी? त्याइले बसव," म्हणत होती. मी फोन काढला. नो सर्व्हिस. फोन डोक्यावर धरला, खांबाच्या पलीकडे धावत गेले, नाल्याकडे गेले, नो सर्व्हिस. काकांना हाक मारली. दरीनं माझीच हाक परत दिली. लांबवर लाल टोपी घातलेलं कुणीतरी दिसलं, तेही वळणाआड गेलं.

मी पाच मिनिटांत शंभर माणसं जमवू शकते. मला माहीत आहे कोणाला फोन करायचा, कोणाला टॅग करायचं, कोणत्या पत्रकाराचा नंबर चालू असतो. त्या दरीत यातलं काहीही नव्हतं. आई होती, डबा होता, आणि मी होते.

डबा उघडला. चमच्यानं खीर तिच्या ओठाला लावली. तिनं तोंड उघडलं. अंगणवाडीतलं पोर उघडतं तसं, काही न विचारता. मी एकेक चमचा घातला. ती गिळत होती. तोंडाच्या कोपऱ्यातून थोडी सांडली, मी ओढणीनं पुसली. मी रडत होते आणि शिव्याही देत होते: पाहुण्यांना, आभारप्रदर्शनाला, इमिग्रेशनला, तिला. ती ऐकत नव्हती. तिच्याशी वाद घालून जिंकता येत नाही, आणि आता ती वाद घालायला जागेवर नव्हती म्हणून मी जिंकत होते. असलं जिंकणं कोणाच्या वाट्याला येऊ नये.

किती वेळ गेला सांगता येत नाही. तिच्या हातात थोडी ऊब आली. डोळे नीट झाले. "ऊन लय हाय बाप्पा," ती म्हणाली आणि मागे टेकली. मी डबा बॅगेत ढकलला.

काका आले ते तेव्हा, घामानं निथळत, हातात अर्धी पाण्याची बाटली. "मला वाटलं तुम्ही वर गेलात!" म्हणाले. मी त्यांना जे बोलले ते इथे लिहीत नाही. पण नंतर चढावर त्यांनीच तिला धरलं, एका बाजूनं ते आणि एका बाजूनं मी, आणि वाटेत एका शब्दानं भाषण केलं नाही, हे मान्य करायला हवं.

वर पोचल्यावर तिला थेट त्यांच्या गाडीत घातलं, एसी लावला, कुणाकडून तरी लिंबूपाणी आणलं. रस चालतो, ती प्यायली. हॉस्पिटलला जाऊ म्हटलं तर नाहीच म्हणाली. काकांनी त्यांच्या ओळखीच्या डॉक्टरला गाडीतून फोन लावला. डॉक्टरनं तिच्या सामानातल्या मशीनवर शुगर मोजायला लावली, बरीच ठीक आली. दर तासाला मोजा, परत चक्कर आली तर नखरे न करता इमर्जन्सीत न्या, आणि उपासाच्या दिवशी ही गोळी आपल्या मनानं घ्यायची नाही, असं त्यांनी आईला स्पीकरवर दरडावून सांगितलं. आई "हो सर, हो सर" म्हणाली.

निघालो. दरी मागे गेली, पुन्हा सपाट शेतं. मागच्या सीटवर ती माझ्या शेजारी बसली होती. बऱ्याच वेळानं तिनं माझ्या ओढणीवरचा डाग बघितला. बोटानं चोळला.

"मी काही खाल्लं का?"

आरशात काकांचे डोळे माझ्यावर आले. त्या डोळ्यांत स्पष्ट लिहिलं होतं, नाही म्हण. एक क्षण मीही तोंड उघडलं होतं नाही म्हणायला. पण खोटं न बोलणं हेही त्या आठांतलंच एक शील आहे, आणि सकाळी सगळ्यांबरोबर मी म्हटलेल्या पाचांतलंही. तिच्या शेजारी बसून ते मोडवेना.

"खाल्लंस. खीर. मी चारली."

ती डाग चोळत राहिली. काकांना राहवलं नाही. "ताई, मनाला लावून घेऊ नका. तथागतांनीही शेवटी सुजातेच्या हातची खीरच घेतली ना?"

"त्याइले खीर खाऊन ज्ञान झालं," आई म्हणाली. "मले नुसती मळमळ होऊन राहिली."

काका मोठ्यानं हसले, मग एकटेच हसतोय हे कळल्यावर थांबले. आई खिडकीबाहेर बघत होती. कॅनोलाचा पिवळा रंग तिच्या गालावर पडला होता.

"आजचा धरायचा नाही मग," ती म्हणाली. "आता पुन्हा पहिल्यापासून."

माझा तोल गेला. "आई, कोणी मोजत नाहीये! तिकडे कॉम्प्युटरमध्ये माझं नाव आहे, बाकी काही नाही. तुझ्या पौर्णिमा कोणी मोजत नाहीये!"

"मले माहीत हाय वं," ती म्हणाली. "कोणीच मोजत नाही. म्हणून तं मी मोजते."

 घरी आल्यावर मी लॅपटॉप उघडला, पान रिफ्रेश केलं. प्रोसेसमध्ये. हे लिहिते आहे तेव्हाही प्रोसेसमध्येच आहे, परमिटच्या मुदतवाढीचा अर्जही त्याच रांगेत जाऊन उभा आहे, आणि आई तिच्या व्हिसाचे महिने संपवून परत गेली आहे.

जाण्याआधी श्रावणातली पौर्णिमा इथेच आली. मी तिला थांबवायचा प्रयत्न केला, नीट, मुद्देसूद, आवाज न चढवता. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि पहाटे अष्टशील घेतलं. मग मी शिफ्ट बदलून घेतली. डॉक्टरला पुन्हा फोन करून त्या दिवशी कोणती गोळी घ्यायची नाही ते विचारलं. साडेनऊलाच कुकर लावला, वरण केलं, वांग्याची भाजी केली, आणि दहा वाजता तिला ताटावर बसवलं. समोर खुर्ची ओढून मीही बसले, तिनं पानातलं टाकू नये म्हणून. ती जेवत होती तेवढ्या वेळात मी तिला पुन्हा एकदा स्पष्ट सांगितलं, की मला यातलं काही पटलेलं नाही, ही अंधश्रद्धाच आहे, आणि मी याला पाठिंबा देतेय असं तिनं अजिबात समजू नये.

"बरं," ती म्हणाली. "भात वाढ."